टेस्टर पेटतो, दिवा पेटत नाही

गणपती जवळ आले की घराघरांतले माळे उघडतात. ठाण्यात चरई-नौपाड्यातली जुनी घरं असोत, कल्याणच्या पारनाक्याजवळचे वाडे असोत की डोंबिवलीच्या चाळी. मखर, समया, पितळी भांडी पोटमाळ्यावरूनच खाली उतरतात. नव्या इमारतींत ती जागा लॉफ्टने घेतली आहे. वर्षभर कोणी न चढलेल्या या अंधारात बटण दाबावं, तर दिवा लागत नाही. बल्ब बदलला तरी लागत नाही. वायरमन होल्डरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावतो आणि तो दोन्हीकडे पेटतो.

याचा अर्थ अनुभवी वायरमन लगेच सांगतो: न्यूट्रल तुटला. दिवा लागायचा तर फेजमधून आलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत जायला हवा. परतीची वायर तुटली की प्रवाह थांबतो, पण फेजचा दाब बल्बमधून पलीकडच्या टोकापर्यंत पोचलेला असतो. बल्ब काढल्यावर टेस्टर एकाच टोकाला पेटतो, हीच त्याची खूण. असा होल्डर बंद दिसतो. प्रत्यक्षात बल्ब बसवलेला असताना त्याची दोन्ही टोकं २३० व्होल्टवर असतात.

टेस्टरवर पूर्ण विसंबताही येत नाही. त्यातल्या निऑन दिव्याला इतका कमी प्रवाह पुरतो, की शेजारच्या वायरमुळे निर्माण झालेल्या दाबावरही तो मिणमिणतो. म्हणून जाणकार वायरमन टेस्ट लॅम्प बाळगतात. होल्डरला दोन वायरी जोडलेला हा साधा बल्ब फेज आणि न्यूट्रलमध्ये धरल्यावर पूर्ण तेजाने पेटला, तरच दोन्ही वायरी शाबूत.

अलीकडे उलटी तक्रारही ऐकू येते: बटण बंद करूनही माळ्यावरचा एलईडी मंद जळत राहतो. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राची ‘उजाला’ योजना आली आणि एलईडी घरोघरी पोचले. जुन्या ६० वॉटच्या बल्बला सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह लागे. एलईडीची चिप मात्र त्याच्या काही हजारांश प्रवाहावरही उजळू शकते. एकाच पाइपमधून दहा-बारा मीटर शेजारी शेजारी गेलेल्या वायरींमध्ये तेवढा प्रवाह आपोआप झिरपतो. हे कारण असेल तर काळजी नाही. दुसरं कारण मात्र धोक्याचं आहे: बटण फेजऐवजी न्यूट्रलमध्ये जोडलेलं असणं. तसं असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये फेज जिवंत राहतो आणि बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसू शकतो.

तुटलेला न्यूट्रल शोधायला निघालं, की शोध बहुधा एखाद्या जोडापाशी येऊन थांबतो. दोन वायरी पिळून वर टेप गुंडाळलेला जोड पावसाळ्याच्या दमट हवेत हळूहळू गंजतो, सैल होतो आणि त्याचा रोध वाढतो. त्याच वायरीवर पुढे इस्त्रीचा प्लग असेल तर? हजार वॉटची इस्त्री साधारण सव्वाचार अँपिअर घेते. जोडाचा रोध अर्धा ओहम झाला तरी तिथे नऊ वॉट उष्णता तयार होते, तीही नखाएवढ्या जागेत. प्रवाह वाढलेला नसतो, त्यामुळे एमसीबी पडत नाही. शेजारी जुनी वर्तमानपत्रं आणि थर्माकोल रचलेले असतात.

त्यात उंदरांची भर. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात. ते झिजवण्यासाठी त्यांना सतत कुरतडावं लागतं आणि वायरीचं आवरण त्यांच्या तावडीत सहज येतं. जुन्या वाड्यांत कुठे लाकडी पट्टीवरची रबरी आवरणाची वायरिंग उरली असेल, तर ते रबर वयानुसार कडक होऊन तडकतं. हात लावताच पापुद्रे गळतात आणि तांबं उघडं पडतं. पत्र्याखालच्या उन्हाळी उष्णतेत पीव्हीसी वायरीची प्रवाह वाहण्याची क्षमताही घटते.

मीटरपर्यंतची व्यवस्था वीज कंपनीची. बहुतेक भागात महावितरणची, कळवा-मुंब्र्यात टोरंटची. मीटरनंतरची वायरिंग सांभाळणं घरमालकाकडे येतं. त्यामुळे माळ्यावरच्या जोडाची तपासणी त्यालाच करवून घ्यावी लागते.

यंदा मखर उतरवण्याआधी मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला माळ्यावर चढवा. पिळलेले जोड काढून जंक्शन बॉक्समध्ये कनेक्टर लावून घ्या, दिव्यासाठी दीड चौरस मिलिमीटरची आयएसआय तांब्याची वायर पाइपमधून न्या आणि बटण फेजमध्येच असल्याची खात्री करा. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. जमिनीकडे प्रवाह गळू लागला की तो सेकंदाच्या एका अंशात पुरवठा तोडतो. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर मात्र तो वाचवू शकत नाही. आरसीसीबी आधीच बसवलेला असेल, तर त्यावरचं ‘टेस्ट’ बटण आजच दाबून पाहा. तो पडला नाही, तर बदलून घ्या.