मुंबईतून वसईकडे : घर बदलताना मांडावयाचा हिशेब

रविवारच्या मिस्सेनंतर आपल्या चर्चच्या आवारात नवे चेहरे दिसतात. विचारपूस केली असता कुणी गिरगावातून आलेले असते, कुणी माझगाव वा भायखळ्याहून, तर कुणी दादरच्या चाळीतून. ‘इथे जागा मोठी मिळाली’ असे ते समाधानाने सांगतात आणि थोड्या वेळाने हळूच म्हणतात, ‘पण दिवस पुरत नाही.’ महानगरातून उपनगराकडे होणाऱ्या स्थलांतराचा सारा प्रश्न या दोन वाक्यांत सामावलेला आहे. जे कुटुंब अशा निर्णयाच्या उंबरठ्यावर उभे आहे, त्याच्यासाठी हा हिशेब नीट मांडून दाखवावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

ही वाट जुनी आहे

मुंबई आणि वसई यांचा संबंध आजचा नव्हे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईतील बॅकबेपर्यंत पहिली लोकल गाडी धावली. १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेची गाडी आली. वसईची केळी, भाजीपाला आणि फुले याच मार्गाने मुंबईच्या बाजारात जात असत. पुढे मालाऐवजी माणसांची गर्दी वाढत गेली आणि २००७ मध्ये बोरिवली ते विरार हा मार्ग चौपदरी झाला.

मुंबईतील कुटुंबे बाहेर का पडू लागली, याची कारणेही समजून घ्यावयास हवीत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या खोल्यांची भाडी गोठली. भाडेकरूंना आसरा मिळाला, पण इतक्या अल्प भाड्यात दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. खोली तीच राहिली, कुटुंब मात्र वाढत गेले. मुलाचे लग्न ठरले की एका खोलीत दोन संसार मांडण्याची वेळ येऊ लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातील असंख्य घरांचा आर्थिक कणा मोडला. शहरात नवे घर घेणे नोकरदाराच्या आवाक्यात राहिले नाही.

जनगणनेचे आकडे हीच गोष्ट सांगतात. २००१ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. चार नगरपरिषदा आणि अनेक गावे मिळून येथे महानगरपालिका स्थापन झाली, ती त्याआधी दोनच वर्षे, जुलै २००९ मध्ये.

जागा मिळते, वेळ जातो

घर बदलताना बहुतेक कुटुंबे चौरस फुटांचा हिशेब करतात. तासांचा हिशेब क्वचितच होतो. म्हणून एक साधे उदाहरण घेऊ. दादरला राहणारी एक व्यक्ती चर्चगेटजवळच्या कार्यालयात जाते. घरापासून कार्यालयापर्यंत तिला पाऊण तास लागतो, म्हणजे जाऊन-येऊन दीड तास. तेच कुटुंब नालासोपारा पूर्वेस राहावयास गेले, तर स्थानकापर्यंतची रिक्षा, गर्दीमुळे सोडून द्यावी लागणारी एखादी गाडी, तासाहून अधिकचा प्रवास आणि पुढची पायपीट मिळून एका बाजूस दोन तास धरावे लागतात. दिवसाचे चार तास झाले. रोजचा फरक अडीच तासांचा आणि महिन्याच्या पंचवीस कामकाजी दिवसांचा साडेबासष्ट तासांचा! महिन्यातील अडीच दिवस-रात्रींहून अधिक काळ वाढीव प्रवासात जातो.

हे तास कोठून येतात? झोपेतून, मुलांच्या अभ्यासातून, आजारी आईजवळ बसण्यातून, कुटुंबाच्या एकत्र जेवणातून आणि सायंप्रार्थनेतून ते काढले जातात. घरातील स्त्री नोकरी करीत असेल, तर तिच्यावर या हिशेबाचा सर्वाधिक भार पडतो. पहाटेचा डबा तिच्याच हातचा असतो आणि रात्रीचा स्वयंपाकही तिचीच वाट पाहत असतो. केवळ महिलांसाठी असलेली विशेष लोकल ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत नेण्यात आली. एवढ्या दूरवरून किती स्त्रिया रोज कामासाठी जात असतील, याची कल्पना यावरून यावी.

यास्तव आमची पहिली सूचना अशी की, घर पाहण्यासाठी रविवारी दुपारी येऊ नये. कामाच्या दिवशी, ज्या वेळी आपणांस रोज निघावे लागेल त्या वेळी, त्या घरापासून कार्यालयापर्यंत आठवडाभर प्रवास करून पाहावा. शक्य असल्यास प्रथम वर्षभर भाड्याने राहावे. भाड्याचा अर्थात लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला, तरी महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. ‘अकरा महिन्यांना नोंदणी नको’ ही सर्वत्र ऐकू येणारी समजूत चुकीची आहे.

जुनी खोली सोडण्यापूर्वी

पागडीची खोली विकून आलेल्या रकमेत उपनगरात सदनिका घ्यावी, असा बेत अनेक जण करतात. पागडीचा व्यवहार १९९९ च्या कायद्याने वैध ठरविला आहे. तथापि खोली दुसऱ्याच्या नावे करण्यास मालकाची संमती लागते आणि रकमेतील काही हिस्सा तो घेतो. हातात प्रत्यक्ष किती पडेल, हे लेखी ठरल्याशिवाय नव्या घरासाठी बयाणा देऊ नये.

दुसरी बाब त्याहून महत्त्वाची आहे. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची असेल आणि तिचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या तरतुदीखाली झाला, तर पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर मालकी हक्काने मिळते. पुनर्विकास रखडतो, कधी पिढी उलटते, हेही खरे. म्हणून थांबावे की निघावे, याचे एकच उत्तर नाही. पण आपण काय सोडीत आहोत, हे ठाऊक असून सोडणे आणि अजाणतेपणी सोडणे यांत फार अंतर आहे. घरातील वृद्ध आईवडिलांच्या नावे खोली असेल, तर त्यांची खरी इच्छा शांतपणे विचारून घ्यावी. सही घेण्यापुरते त्यांना बोलावू नये.

नव्या घराचे कागद

वसई-विरार परिसरात अनधिकृत बांधकामांचा प्रश्न गंभीर आहे. नालासोपारा पूर्वेस आरक्षित भूखंडावर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२५ च्या प्रारंभापर्यंत पाडण्यात आल्या आणि त्यांतील कुटुंबे उघड्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार येथे चार मजली इमारतीचा भाग कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. आयुष्याची पुंजी घातलेले घर कागदाच्या उणिवेने जाऊ नये, म्हणून पुढील गोष्टी तपासाव्यात.

जमिनीचा सातबारा उतारा कोणाच्या नावे आहे आणि ती बिनशेती झाली आहे काय, हे पाहावे. महानगरपालिकेची बांधकाम परवानगी आणि इमारत पूर्ण झाली असल्यास भोगवटा प्रमाणपत्र मागावे. विकासकाने दाखविलेल्या छायाप्रतीवर विसंबू नये. महानगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ती खरी असल्याची खात्री करावी. घरपट्टीची पावती असणे म्हणजे इमारत अधिकृत असणे नव्हे. स्थावर संपदा कायदा, २०१६ नुसार ५०० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील आणि आठहून अधिक सदनिकांच्या नव्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी आवश्यक आहे आणि ती संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. याच कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. किंमतही चटई क्षेत्रावरच विचारावी.

याशिवाय पाण्याची चौकशी आलीच. सूर्या धरणाचे पाणी त्या इमारतीत नळाने येते की टँकर मागवावा लागतो, हे विकासकास नव्हे, शेजाऱ्यांस विचारावे. घर एकदा मे महिन्यात पाहावे आणि एकदा जुलैमध्ये. मे महिन्यात पाण्याचा तुटवडा कळतो, जुलैमध्ये पाण्याचा लोंढा. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत नालासोपारा स्थानकातील रूळ पाण्याखाली गेले आणि वसईच्या मिठागरात शेकडो लोक अडकून पडले, हे विसरून चालणार नाही.

मुले आणि वृद्ध

शाळा बदलावयाची असेल, तर स्थलांतर एप्रिल-मे महिन्यांत व्हावे. दहावीच्या वर्षी ते टाळणेच बरे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार शाळा सोडल्याचा दाखला येण्यास उशीर झाला, या कारणास्तव प्राथमिक शिक्षण घेणाऱ्या मुलाचा प्रवेश अडविता येत नाही. तथापि २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्यातून वगळल्या गेल्या आहेत. त्यामुळे ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत प्रवेश हवा असेल, तर घराचा करार करण्यापूर्वीच चौकशी करावी.

मुले लवकर रुळतात. वृद्ध रुळत नाहीत. चाळीच्या सामाईक गॅलरीत ज्यांचा दिवस गेला, त्यांस बंद दाराची सदनिका कोंडवाड्यासारखी वाटते. मुंबईत त्यांचा दूधवाला, डॉक्टर आणि चर्च पायी अंतरावर असे. नव्या घरापासून या तीन गोष्टी किती दूर आहेत, एवढे जरी पाहिले तरी त्यांची पुढील वर्षे सुसह्य होतील. खाटेची जागा ठरविताना ती रस्ता दिसेल अशा खिडकीपाशी ठेवावी, ही लहानशी सूचनाही आम्हांस करावीशी वाटते.

कार्यालयीन कामांत शिधापत्रिका, आधार व बँकेतील पत्ता आणि गॅसजोडणी पहिल्या दोन-तीन महिन्यांतच बदलून घ्यावी. मतदारयादीत पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो. पत्ता मुंबईचा आणि राहणे नालासोपाऱ्यात, अशा स्थितीत कुटुंब दोन्हीकडे पाहुणे राहते.

धर्मग्रामही बदलतो

कॅथोलिक कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. वसईची खाडी ओलांडली की मुंबई महाधर्मप्रांताची हद्द संपते आणि मे १९९८ मध्ये निर्माण झालेला वसई धर्मप्रांत सुरू होतो. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदासंहितेनुसार कायम राहण्याच्या हेतूने एखाद्या ठिकाणी वस्ती केली की तेथील धर्मग्राम आपला होतो. त्यासाठी पाच वर्षे थांबावे लागत नाही. म्हणून आल्याबरोबर धर्मग्राम कार्यालयात कुटुंबाची नोंद करावी. पुष्कळ कुटुंबे मुलीच्या लग्नाच्या वेळी प्रथमच नव्या धर्मगुरूंस भेटतात आणि मग धावपळ होते. स्नानसंस्काराची मूळ नोंद मात्र ज्या चर्चमध्ये संस्कार झाला तेथेच राहते. दृढीकरण व विवाह यांची टीपही त्याच नोंदवहीत होते. दाखला हवा असल्यास तेथूनच मागवावा आणि तोही वेळ राखून.

मुंबईत ज्यांची मिस्सा इंग्रजीत वा कोंकणीत होत असे, त्यांना येथील मराठी मिस्सा सुरुवातीस परकी वाटते. काही जण त्यामुळे रविवारी पुन्हा जुन्याच चर्चला जातात. जुन्या चर्चची ओढ आम्ही समजू शकतो. परंतु आठवड्याचे सहा दिवस गाडीत काढल्यावर सातवाही गाडीतच घालविला, तर नव्या गावाशी नाते जुळावयाचे केव्हा?

आलेले आणि असलेले

अखेरीस दोन शब्द आपल्या वसईकरांसाठी. इमारती वाढल्या, वाड्या गेल्या, विहिरी आटल्या, अशी खंत आपण व्यक्त करतो आणि ती खोटी नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली हरित वसईची चळवळ याच वेदनेतून जन्मली. पण एका खोलीतून निघून येथे आलेल्या कुटुंबाने विहीर आटविली नाही. जमिनी ज्यांनी विकल्या त्यांत आपलेही लोक होते, आणि ज्यांनी परवानगीविना इमले चढविले ते निराळे. त्यांचा राग नवागतांवर काढणे न्यायाचे नाही.

नवे कुटुंब आपल्या इमारतीत वा वाडीत आले की पहिल्या आठवड्यात त्यांचे दार वाजवावे. पाणी किती वाजता येते, रात्री कोणता डॉक्टर भेटतो, मिस्सा किती वाजता असते, एवढे सांगितले तरी पुरे. ज्या घरातील आई-वडील रात्री नऊला परततात, त्यांच्या मुलाला सायंकाळी तासभर आपल्या घरी बसू द्यावे. त्या कुटुंबाने जागा मिळविली आहे आणि वेळ गमावला आहे. गमावलेल्या वेळेतील थोडा वेळ शेजारी त्याला परत देऊ शकतो.