दिवाळ्याला कामाला जाताय? रेशनकार्ड गावात ठेवू नका

बेलापूरजवळ खाडीकाठच्या दिवाळे गावाच्या आसपास खोली करून राहणाऱ्या मजुरांना वाटतं, रेशन गावीच मिळणार. तसं नाही. 'एक देश, एक रेशनकार्ड'मुळे अंत्योदय आणि प्राधान्य कार्डावरचं धान्य तिथल्या दुकानातही मिळतं. आधार जोडलेला हवा, मशीनवर अंगठा लागतो. म्हातारी माणसं गावी असतील तर त्यांच्या वाट्याचं इथं, बाकीचं तिकडं उचलता येतं. दुकानदार नाही म्हणाला तर १४४४५ ला फोन करा.

सहा ते चौदा वर्षांच्या पोरांना जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून पालिकेची शाळा परत पाठवू शकत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे.

संकटात ११२ लावा. गावचा एक नंबर कागदावर लिहून पोराच्या दप्तरातही ठेवा. मोबाईल ऐनवेळी बंद पडतोच.