लॅपटॉपच्या आराखड्याची नक्कल

एका उत्पादकाच्या लॅपटॉपचे बाह्यरूप, म्हणजे त्याचा आकार, कडांची ठेवण, पृष्ठभागाची रचना किंवा नक्षी, दुसऱ्या उत्पादकाने परवानगीविना आपल्या यंत्रासाठी वापरणे याला लॅपटॉपच्या आराखड्याची नक्कल म्हणतात. पातळ व हलक्या लॅपटॉपच्या बाबतीत हा आरोप २००८ नंतर वारंवार झाला आहे. मात्र दोन यंत्रे सारखी दिसतात एवढ्यावरून नक्कल सिद्ध होत नाही. भारतात त्यासाठी मूळ आराखडा नोंदवलेला असावा लागतो, तो नोंदणीच्या वेळी नवा असावा लागतो आणि दुसऱ्या यंत्राचे साम्य नजरेला उघडपणे जाणवावे लागते. महाराष्ट्रात या कसोट्यांचा तपशीलवार ऊहापोह घरगुती उपकरणांच्या खटल्यांत झाला. त्यांपैकी व्हर्लपूल विरुद्ध व्हिडिओकॉन (२०१४) या खटल्यातील प्रतिवादी कंपनी मराठवाड्यातील होती.

पातळ लॅपटॉपचा आकार

१५ जानेवारी २००८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्झ यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढून दाखवला. मागील बाजूस १.९४ सेंटीमीटर जाड असलेले हे यंत्र पुढे निमुळते होत ०.४ सेंटीमीटरवर येत असे. पाचरीसारखा हा आकार पुढे ॲपलची ओळख बनला. तथापि पातळ लॅपटॉपची कल्पना ॲपलची नव्हे. मित्सुबिशीचा पेडियन हा सुमारे १८ मिलीमीटर जाडीचा लॅपटॉप १९९८ मध्येच बाजारात आला होता. सोनीचा व्हायो एक्स५०५ हा कार्बन तंतूंचा लॅपटॉप तर पुढच्या कडेला एक सेंटीमीटरहून कमी जाडीचा आणि मागे जाड होत जाणारा, म्हणजे पाचरीच्याच घाटाचा होता. तो मॅकबुक एअरच्या चार वर्षे आधीचा आहे. दोन्ही यंत्रे महाग असल्याने फार खपली नाहीत आणि लोकांच्या स्मरणात राहिली नाहीत. आराखड्याच्या वादात बाजारातील यश आणि अग्रक्रम यांची अशी गल्लत नेहमी होते.

ऑक्टोबर २०१० मध्ये ॲपलने मॅकबुक एअरची अधिक स्वस्त आवृत्ती आणली. मे २०११ मध्ये तैपेई येथील कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात इंटेलने ‘अल्ट्राबुक’ हा वर्ग जाहीर केला. या लॅपटॉपची जाडी साधारण २० मिलीमीटरच्या आत आणि किंमत १,००० डॉलरच्या आसपास असावी, अशी कल्पना होती. त्याच वर्षी एसुसचे झेनबुक व एसरचा ॲस्पायर एस३ आले आणि पाठोपाठ इतरांचे लॅपटॉपही आले. रुपेरी धातूचे कवच, काळ्या कळा, मोठा टचपॅड आणि पुढे निमुळती होणारी कड यांमुळे ते मॅकबुक एअरचीच भावंडे वाटत. २०१२ मध्ये एचपीच्या आराखडा विभागाच्या प्रमुखांनी नक्कल केल्याचा आरोप फेटाळला. रुपेरी रंग ही ॲपलची मालमत्ता नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. त्याच वर्षी जून महिन्यात ॲपलला अमेरिकेत पाचरीच्या आकाराचे आराखडा-एकस्व मिळाले.

साम्याची कारणे

लॅपटॉपच्या रूपातील बराचसा भाग निवडीचा नसतो. कळफलकावरील दोन कळांच्या मध्यबिंदूंतील अंतर सुमारे १९ मिलीमीटर ठेवले जाते, कारण मनुष्याच्या बोटांना ते सोयीचे आहे. पडद्याची लांबी-रुंदी मोजक्या पडदा-उत्पादकांच्या मापांवर ठरते. सीडी वाचणारा भाग काढून टाकल्यावर जाडी ठरवणारे घटक उरतात ते बॅटरी, पंखा, बिजागरी आणि जोडणीची छिद्रे. लॅन केबलचे छिद्रच पातळ लॅपटॉपच्या कडेपेक्षा उंच असल्याने ते बहुतेकांनी काढून टाकले. जाड घटक बिजागरीजवळ आणि चपट्या बॅटऱ्या हाताच्या बाजूस ठेवल्या की यंत्र आपोआप पुढे निमुळते होते.

शिवाय स्पर्धकांचे घटक एकाच ठिकाणाहून येतात. प्रोसेसर इंटेलचा, त्याला लागणाऱ्या जागेच्या मर्यादाही इंटेलच्या, आणि प्रत्यक्ष जुळणी क्वांटा, कॉम्पॅल, विस्ट्रॉन यांसारख्या तैवानी कंपन्यांकडे असे. या कंपन्या परस्परांच्या स्पर्धक असलेल्या ब्रँडांसाठी काम करीत. त्यामुळे साम्याचा काही भाग समान उगमातून येतो आणि त्याला नक्कल म्हणणे चुकीचे ठरते.

परंतु हे स्पष्टीकरण सर्व गोष्टींना पुरत नाही. कवच रुपेरीच असावे, कळा काळ्याच असाव्यात, झाकणाच्या मधोमध एकच चिन्ह असावे, अशी कोणतीही तांत्रिक सक्ती नाही. पातळपणासाठी पाचर अपरिहार्य नसल्याचा सर्वांत ठळक पुरावा खुद्द ॲपलनेच दिला. २०२२ चा मॅकबुक एअर सर्वत्र १.१३ सेंटीमीटर जाडीचा, सपाट आहे.

भारतीय कायदा

भारतात हा विषय डिझाइन अधिनियम, २००० खाली येतो. हा कायदा ११ मे २००१ पासून अंमलात आहे. त्यानुसार आराखडा म्हणजे वस्तूला दिलेला आकार, घडण, नक्षी किंवा रेषा-रंगांची रचना, जिची पारख केवळ डोळ्यांनी होते. यंत्र कसे चालते याचा त्यात समावेश नाही. ते एकस्वाचे, म्हणजे पेटंटचे क्षेत्र आहे. नोंदणी कोलकाता येथील कार्यालयात होते आणि हक्क प्रथम १० वर्षे व नूतनीकरणानंतर आणखी ५ वर्षे टिकतो. लॅपटॉपचा समावेश १४-०२ या वर्गात होतो.

आराखडा अर्जाच्या तारखेपूर्वी भारतात किंवा परदेशात कोठेही प्रसिद्ध झालेला नसावा, ही अट कठोर आहे. परदेशात अर्ज केलेल्यास भारतात अर्ज करण्यासाठी सहा महिन्यांची सवलत मिळते. ज्याने आधी वस्तू विकायला ठेवली आणि मग नोंदणीचा विचार केला, त्याचा हक्क सहसा हातचा जातो. अशा वेळी कॉपीराइटचा आधारही मिळत नाही. नोंदणीयोग्य पण न नोंदवलेला आराखडा औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा अधिक वेळा वस्तूंवर उतरवला गेला की त्यातील कॉपीराइट संपतो, अशी कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १५ मध्ये तरतूद आहे.

डिझाइन अधिनियमाच्या कलम २२ नुसार नोंदवलेल्या आराखड्याचे कपटाने केलेले किंवा उघड अनुकरण म्हणजे चाचेगिरी होय. हुबेहूब प्रत असण्याची गरज नाही. यावर प्रतिवादी असा बचाव घेऊ शकतो, की मूळ आराखडाच नवा नसल्याने त्याची नोंदणी रद्द होण्यास पात्र आहे. लॅपटॉपच्या खटल्यात व्हायो एक्स५०५ सारखे जुने यंत्र नेमके येथे महत्त्वाचे ठरेल.

व्हर्लपूल विरुद्ध व्हिडिओकॉन

व्हिडिओकॉन हा उद्योगसमूह धूत कुटुंबाने मराठवाड्यात उभारला. त्याचा मुख्य कारखाना औरंगाबाद-पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे होता. १९८० च्या दशकात रंगीत दूरचित्रवाणी संचांपासून वाढलेला हा समूह पुढे शीतकपाटे व कपडे धुण्याची यंत्रेही बनवू लागला. मराठवाड्यात ज्या थोड्या कारखान्यांचे नाव देशभर घरोघरी पोहोचले, त्यांत याची गणना होते.

व्हर्लपूल ऑफ इंडियाने आपल्या ‘एस’ या कपडे धुण्याच्या यंत्राचे आराखडे २००९ मध्ये नोंदवले होते. व्हिडिओकॉनने २०१२ मध्ये ‘पेबल’ नावाचे यंत्र बाजारात आणल्यावर व्हर्लपूलने मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला. पेबलचा आकार व घडण ही आपल्या आराखड्याची नक्कल आहे आणि या साम्यामुळे ग्राहकांची फसगत होते, असे दोन आक्षेप त्यात होते. दुसरा आक्षेप आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याविरुद्धच्या हक्कावर आधारलेला होता. कायद्यात तो आराखड्याच्या नोंदणीहून वेगळा मानला जातो.

व्हिडिओकॉनची एक हरकत मूलभूत होती. पेबलचा आराखडाही नोंदवलेला असल्याने, एका नोंदणीधारकाने दुसऱ्या नोंदणीधारकावर चाचेगिरीचा दावा करता येत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. मे २०१४ मध्ये न्यायमूर्ती एस. जे. काठावाला यांनी ते अमान्य केले. नोंदणी ही बचावाची ढाल होऊ शकत नाही. कलम २२ मध्ये ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द असून त्यांत नोंदणीधारकही येतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मोहनलाल विरुद्ध सोना पेंट या प्रकरणात २०१३ मध्ये याच मुद्द्यावर असाच निर्णय दिला होता. दोन यंत्रांची तुलना करून न्यायालयाने साम्य उघड असल्याचे मानले, किरकोळ फरकांना महत्त्व दिले नाही आणि व्हर्लपूलच्या बाजूने अंतरिम मनाई हुकूम दिला.

निवाड्याचे महत्त्व दुसऱ्या नोंदणीविषयीच्या भागात आहे. नोंदणीच्या वेळी होणाऱ्या तपासणीत प्रत्येक पूर्वीचा आराखडा सापडेलच असे नाही. तेव्हा प्रमाणपत्र हाती असणे म्हणजे नक्कल न केल्याचा दाखला नव्हे. २०१७ मध्ये याच न्यायालयाने सेलो हाउसहोल्ड प्रॉडक्ट्स विरुद्ध मॉडवेअर इंडिया या पाण्याच्या बाटलीच्या खटल्यातही मूळ आराखडाधारकाला मनाई हुकूम दिला.

लॅपटॉपला हीच कसोटी लावल्यास

कपडे धुण्याच्या यंत्रात उत्पादकाला मोकळीक बरीच असते. पाण्याची टाकी व मोटर आत बसली की बाहेरचे प्लास्टिक कसेही वळवता येते. लॅपटॉपच्या पाटीत ती मोकळीक फार थोडी आहे. केवळ कार्यामुळे ठरणारा आकार संरक्षणाबाहेर राहतो. हाउस ऑफ लॉर्ड्सने एएमपी विरुद्ध युटिलक्स (१९७२) या विजेच्या टर्मिनलच्या खटल्यात हे तत्त्व मांडले आणि भारतीय न्यायालये त्याचा वारंवार आधार घेतात. म्हणून दोन पातळ लॅपटॉपची तुलना करताना पडदा, कळफलक आणि एकूण पातळपणा बाजूला ठेवून उरलेल्या निवडींकडे पाहावे लागते. त्यांत कडेचा उतार, कोपऱ्यांची गोलाई, बिजागरीची ठेवण, हवा जाण्याच्या फटींची नक्षी यांसारख्या गोष्टी येतात. यांतील एखादीच जुळली तर ती बाजाराची रूढी म्हणून सोडून देता येते. सगळ्या एकत्र जुळल्या तर योगायोग म्हणणे अवघड होते. एचपीच्या उत्तरातील रंगाचा मुद्दा या दृष्टीने बरोबर असला तरी अपुरा होता.

नांदेड व लातूर

नांदेड आणि लातूर येथे वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी बाहेरगावचे विद्यार्थी मोठ्या संख्येने येतात. लॅपटॉप घेणाऱ्या विद्यार्थ्याला या कायद्याची भीती नाही. स्वतःच्या वापरासाठी विकत घेणे ही चाचेगिरी नव्हे. विक्रेत्याची स्थिती वेगळी आहे. नक्कल झालेली वस्तू आहे हे माहीत असूनही ती विक्रीस मांडणारा कलम २२ खाली जबाबदार ठरतो. त्यामुळे मूळ उत्पादकाची नोटीस मिळाल्यानंतरही माल विकत राहणे धोक्याचे असते.

कायद्याचा अधिक उपयोग स्थानिक उत्पादकांना आहे. लातूरच्या एखाद्या कारखानदाराने पेरणीयंत्राची नवी यंत्रणा शोधली, तर ती आराखडा म्हणून नोंदवता येणार नाही, परंतु बियाण्याच्या पेटीला दिलेला वेगळा घाट नोंदवता येईल. मात्र त्याची छायाचित्रे कृषी प्रदर्शनात किंवा व्हॉट्सॲपवर फिरण्यापूर्वी अर्ज गेलेला असावा. लातूर जिल्ह्यातील पटडी चिंच, बोरसुरी तूरडाळ आणि कास्ती कोथिंबीर यांना २०२४ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन हा निराळा हक्क आहे. तो एका उत्पादकाचा नसून त्या प्रदेशातील उत्पादकांचा असतो, आणि त्यात वस्तूच्या घाटापेक्षा नावाचे व गुणवैशिष्ट्यांचे रक्षण होते.

आराखड्याच्या चाचेगिरीचा दावा जिल्हा न्यायालयाहून खालच्या न्यायालयात चालत नाही. व्यापारचिन्ह व कॉपीराइट यांच्या कायद्यांत वादीला स्वतःच्या राहत्या किंवा व्यवसायाच्या ठिकाणी दावा लावण्याची खास मुभा आहे. डिझाइन अधिनियमात ती नाही. प्रतिवादी जेथे आहे किंवा नक्कल केलेला माल जेथे विकला गेला, तेथील न्यायालयात जावे लागते. नांदेडमध्ये विक्री झाल्यास तेथील जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. प्रतिवादीने मूळ नोंदणीच्या वैधतेवरच बोट ठेवले, तर कलम २२(४) नुसार दावा उच्च न्यायालयाकडे वर्ग होतो. इंदूर येथील एस. डी. कंटेनर्स विरुद्ध मोल्ड टेक पॅकेजिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हेच स्पष्ट केले. नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात. हा बचाव जवळपास प्रत्येक प्रतिवादी घेत असल्याने जिल्ह्याच्या ठिकाणी सुरू झालेला दावा तेथेच संपण्याची शक्यता कमी असते, आणि लहान उत्पादकासाठी प्रवास व वकिलाचा खर्च हीच पहिली अडचण ठरते.

भरपाईचे दोन मार्ग आहेत. एकात प्रत्येक उल्लंघनामागे २५,००० रुपयांपर्यंतची रक्कम ठरलेल्या देण्याप्रमाणे वसूल करता येते, परंतु एका आराखड्यासाठी एकूण रक्कम ५०,००० रुपयांपलीकडे जात नाही. दुसऱ्यात प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई आणि मनाई हुकूम मागता येतो. अमेरिकेत ॲपल व सॅमसंग यांच्या फोनच्या खटल्यात २०१२ मध्ये ज्युरीने एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाई ठरवली होती. ती पुढे कमी झाली आणि २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली. भारतात आराखड्याच्या दाव्यांचे मुख्य उद्दिष्ट सहसा पैसा नसून, स्पर्धकाचा माल बाजारातून लवकर थांबवणारा अंतरिम मनाई हुकूम हे असते.