धडधाकटांचे आरोग्य शिबिर!

कर्मचारी निरोगी राहिला की काम जास्त करतो, रजा कमी घेतो आणि संस्थेचा पैसा वाचतो, हे गणित अमेरिकेतल्या ‘वेलनेस’ विकणाऱ्या कंपन्यांनी तिथल्या विद्यापीठांच्याही गळी उतरवले. गणित खरे आहे काय? इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी ते आपल्याच अर्बाना-शॅम्पेनच्या आवारात तपासले.

२०१६ मध्ये ४,८३४ कर्मचारी सोडत काढून दोन गटांत विभागले. एका गटाला आरोग्य तपासणी, प्रश्नावली, उपक्रमांचे वर्ग आणि भाग घेतल्याबद्दल वर रोख पैसे. दुसऱ्याला यातले काही नाही. दोन वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा उपचारांवरचा खर्च, आजारपणाच्या रजा, काम, यांपैकी कशातही दखल घ्यावा असा फरक दिसेना. तपासणी करून घेणारे वाढले. आणि वाढला तो ‘व्यवस्थापनाला आमच्या आरोग्याची काळजी आहे’ हा समज! प्रशासनाला बहुधा तेवढेच हवे असते.

मग आधीच्या अहवालांत एवढे फायदे कुठून आले? त्यातले बरेच अहवाल, आपणहून आलेल्यांची तुलना न आलेल्यांशी करत होते. इलिनॉयमध्ये दिसले की जे आपणहून आले, त्यांचा उपचारांचा खर्च आधीपासूनच कमी होता आणि सवयीही चांगल्या होत्या. जो रोज पळतो तोच पळायला आला, आणि श्रेय शिबिराने घेतले! संशोधकांनी इशाराही दिला आहे की आजारी वा कमी पगाराचे लोक यात मागे राहिले, तर या योजनांचा भार त्यांच्याच डोक्यावर सरकतो.

भार कसा सरकतो ते पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने २०१३ मध्ये दाखवले. नोकरी, वैवाहिक स्थिती, पैशाची ओढाताण विचारणारी प्रश्नावली भरा, नाहीतर महिन्याला १०० डॉलर भरा! प्राध्यापक खवळले, तेव्हा सप्टेंबरमध्ये हा दंड स्थगित झाला. संघटित होते म्हणून वाचले. झाडू मारणारा एकटा काय करणार?

आमच्याकडे २०१५ पासून २१ जूनला विद्यापीठांत योगाच्या चटया अंथरल्या जातात. आमचा आसनांना विरोध नाही. पण तासिका तत्त्वावर राबणारा प्राध्यापक मानधनाची वाट पाहत महिने काढतो, त्याचा रक्तदाब कोणत्या आसनाने उतरणार? बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणले गेले. कामगाराच्या आरोग्याची ती खरी योजना होती, कारण ती त्याच्या सवयींना नव्हे, मालकाला बांधत होती.

म्हणून कुलगुरूंना आमचे विचारणे एवढेच आहे: पुढच्या शिबिराच्या यादीत कंत्राटी सफाई कामगार बायांची नावे आहेत काय? असली, तर त्या दिवसाची मजुरी कापणार की देणार, हे लेखी कळवावे.