मासा आजारी कीं पाणी?

गेल्या वर्षीं आम्हीं विज्ञानाच्या वर्गांत काचेची एक लहानशी पेटी मांडली, तींत नळाचें पाणी भरलें आणि त्याच दिवशीं ६ सोनमासे सोडले. दर शनिवारीं सगळें पाणी फेकून देऊन वाळू, काच व गाळणींतील स्पंज नळाखालीं घासून धुवावयाचे, असा आमचा क्रम असे. पाणी आरशासारखें दिसे. तरीही तीन आठवड्यांत ४ मासे मेले. आम्ही औषधें घालीत राहिलों. दोष मात्र आमच्या स्वच्छतेंतच होता.

मासा ज्या पाण्यांत श्वास घेतो, त्यांतच मलविसर्जनही करतो. त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडतो, आणि उरलेलें अन्न कुजून त्यांत भर पडते. नदींत तो विरून जातो, पेटींत सांचतो. त्यास रंग नसल्यामुळें निर्मळ दिसणारें पाणीही विषारी असूं शकतें. सुदैवानें वाळूवर व स्पंजांत सूक्ष्म जंतूंची वसाहत वाढते. त्यांतील कांहीं जंतु अमोनियाचें नायट्राइट बनवितात, तर कांहीं नायट्राइटचें नायट्रेट. नायट्राइटही घातकच, कारण त्यामुळें माशाच्या रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति घटते. नायट्रेट त्या मानानें सौम्य. ही वसाहत जमण्यास बहुधा ४ ते ६ आठवडे लागतात. आमच्या पेटींत ती मुळांत नव्हतीच. जी थोडीफार जमे, तिचा संहार आम्ही दर शनिवारीं क्लोरीनयुक्त पाण्यानें करीत असूं!

मग दोष कोठें आहे, हें कसें ओळखावें? सर्वच मासे एकदम मलूल झाले, पृष्ठभागीं येऊन तोंड उघडूं-मिटूं लागले, तर प्रथम पाण्याचा संशय घ्यावा. एखाद्याच्याच अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो बहुधा एका परजीवी जंतूचा रोग असतो. हा जंतु कातडीखालीं असेपर्यंत औषध त्यास पोंचत नाहीं; तो बाहेर पडून पोहूं लागला म्हणजेच मरतो. म्हणून ठिपके गेले तरी औषध मध्येंच सोडूं नये.

परंतु कोणतेंही औषध घालण्यापूर्वीं पाण्याची परीक्षा करावी. रंग पालटणारीं परीक्षाद्रव्यें दुकानांत मिळतात. अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही शून्य असलीं पाहिजेत. तीं आढळल्यास पाण्याचा चौथा हिस्सा काढून तितकेंच समान उष्णतेचें पाणी घालावें. प्रमाण उतरेपर्यंत हें रोज करावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटनें आधीं नाहींसा करावा. एकदोन दिवस खाद्य बंद ठेवावें. निरोगी मासा तेवढ्यानें उपाशी मरत नाहीं. स्पंज धुणें झाल्यास पेटींतून काढलेल्या पाण्यांतच हलकेच पिळावा. आणि नव्या पेटींत मासे थोडे सोडावे.

उरलेले दोन मासे आज आमच्या वर्गांत सुखानें पोहत आहेत. त्यांच्या वाळूवर थोडें शेवाळही आहे, आणि तें घासून काढण्याची घाई आम्ही आतां करीत नाहीं.