मिठाची मर्यादा

पानांत प्रथम मीठ वाढावें, अशी आपली रीत आहे. त्याची जागा मानाची, परंतु प्रमाण चिमूटभरच. हें प्रमाण पानावर जसें पाळलें जातें, तसें पातेल्यांतहि पाळलें जातें काय, याचा विचार प्रत्येक सुविद्य कुटुंबानें करावा, असें आम्हांस वाटतें.

मीठ हें सोडियम व क्लोरीन या मूलद्रव्यांचें संयुग होय. सर हंफ्री डेव्ही यांनीं १८०७ सालीं सोडियम प्रथम वेगळें केलें. मिठाच्या वजनांत त्याचा वांटा सुमारें शेंकडा ४० असतो. शरीरांतील द्रवांचा समतोल, ज्ञानतंतूंचें संदेशवहन व स्नायूंचें आकुंचन हीं कार्यें सोडियमवांचून होत नाहींत. परंतु तें अधिक झालें म्हणजे शरीर पाणी धरून ठेवतें व अनेकांचा रक्तदाब चढतो. त्यापासून हृदय, मेंदु व मूत्रपिंडें यांस अपाय पोंचतो. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांस दिवसाकांठीं ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाहि पुरता भरणार नाहीं इतकेंच, मीठ सांगितलें आहे. लोणचें, पापड, फरसाण व पाव यांतील मीठहि या हिशेबांत धरावयाचें. चरकसंहितेच्या विमानस्थानांतहि पिप्पली, क्षार व लवण यांचें अतिसेवन वर्ज्य सांगितलें आहे, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

एकत्र कुटुंबांत खरी अडचण निराळीच असते. सासऱ्यांस डॉक्टरांनीं मीठ कमी करावयास सांगितलें, कीं त्यांच्यापुरती अळणी भाजी वेगळी काढतात. ते पंक्तींत बसूनहि पंक्तीबाहेरचे होतात. चार दिवसांत कंटाळून सर्वांची आमटी मागूं लागतात, आणि दोष येतो तो रांधणाऱ्या सुनेच्या माथीं! आमच्या मतें यास उपाय एकच. साऱ्या घराचेंच मीठ थोडें थोडें उतरवावें. जिभेची संवय कांहीं आठवड्यांत पालटते. लिंबू, आमसूल, जिरें, कोथिंबीर यांनीं रुचि राखतां येते. तरुणांचेंहि यांत हितच आहे. रक्तदाब कांहीं साठी उलटण्याची वाट पाहत नाहीं.

मात्र येथेंहि विवेक हवा. सैंधव निर्धोक, ही समजूत खरी नव्हे. तेंहि मुख्यत्वें सोडियमचेंच लवण आहे, आणि सामान्य मिठांत मिसळलेलें आयोडीन त्यांत असेलच असें नाहीं. कमी सोडियमच्या मिठांत बहुधा पोटॅशियम असतें. मूत्रपिंडाच्या रोग्यांनीं तें डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये. लघवी वाढविणारीं औषधें घेणाऱ्या वृद्धांनींहि मीठ आपल्या मतानें अजिबात सोडूं नये. रक्तांतील सोडियम फार उतरल्यास ग्लानि येते, बुद्धीस भ्रम पडतो. अतिसारांत तर मीठसाखरेचें योग्य प्रमाणांतील पाणी प्राण वांचवितें.

तात्पर्य, मीठ टाकावयाचें नाहीं, मोजावयाचें आहे. महिन्याचें वाणसामान भरतांना घरांत किती मीठ आलें व तें किती माणसांत किती दिवस पुरलें, एवढें गृहिणीनें टिपून ठेवावें. त्या साध्या भागाकारांतून आपल्या घराची संवय कळेल, आणि वडीलधाऱ्यांस सर्वांबरोबर तेंच अन्न समाधानानें जेवतां येईल.