व्ही.ओ. की

व्हॅल्डिमर ऑर्लँडो की, कनिष्ठ (१३ मार्च १९०८ – ४ ऑक्टोबर १९६३) हे अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ व प्राध्यापक होते. अमेरिकेतील घटकराज्यांचे राजकारण, राजकीय पक्ष आणि मतदारांचे वर्तन हे त्यांच्या अभ्यासाचे मुख्य विषय होत. १९४९ साली प्रसिद्ध झालेला 'सदर्न पॉलिटिक्स इन स्टेट अँड नेशन' हा त्यांचा ग्रंथ घटकराज्यांच्या राजकारणाच्या अभ्यासातील पायाभूत ग्रंथ मानला जातो. १९५८-५९ या वर्षी ते अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशनचे अध्यक्ष होते.

जीवन व अध्यापन

की यांचा जन्म टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे झाला व बालपण त्याच राज्याच्या पश्चिम भागातील लमीसा या लहान गावी गेले. ॲबिलीन येथील मॅकमरी कॉलेजात काही काळ शिकून त्यांनी टेक्सास विद्यापीठातून १९२९ मध्ये पदवी व १९३० मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. १९३४ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय होता अमेरिकेतील राजकीय भ्रष्टाचाराची तंत्रे. राजकारणाची चर्चा केवळ संविधानाच्या कलमांवरून न करता ते प्रत्यक्षात कसे चालते ते पाहावे, असा चार्ल्स मेरियम यांच्या प्रभावाखालील शिकागोतील अभ्यासकांचा आग्रह होता. की यांच्या पुढील सर्व लेखनावर त्याची छाप दिसते.

लॉस अँजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ, जॉन्स हॉपकिन्स, येल (१९४९-५१) आणि अखेरपर्यंत हार्वर्ड अशा विद्यापीठांत त्यांनी अध्यापन केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते केंद्र शासनाच्या अर्थसंकल्प विभागात होते. त्यांचे आरंभीचे लेखनही घटकराज्यांच्या कारभाराविषयीच आहे. १९३७ मधील पुस्तक केंद्राकडून राज्यांना मिळणाऱ्या अनुदानांच्या प्रशासनावर आहे, तर १९३९ मधील पुस्तक, विन्स्टन क्राउच यांच्यासह लिहिलेले, कॅलिफोर्नियातील लोकोपक्रम व सार्वमत यांवर आहे. १९४२ च्या 'पॉलिटिक्स, पार्टीज अँड प्रेशर ग्रुप्स' या पाठ्यपुस्तकाच्या त्यांच्या हयातीतच अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यांच्या पत्नी लुएला गेटिस याही राज्यशास्त्रज्ञ होत्या.

'सदर्न पॉलिटिक्स'

या ग्रंथामागील प्रकल्प अलाबामा विद्यापीठाच्या लोकप्रशासन विभागाने हाती घेतला होता. रॉस्को मार्टिन त्याचे प्रवर्तक होते व रॉकफेलर फाउंडेशनने त्यासाठी निधी दिला. की यांचे सहकारी अलेक्झांडर हर्ड व डोनल्ड स्ट्राँग यांनी दक्षिणेतील अकरा राज्यांत हिंडून राजकारण्यांच्या व जाणकारांच्या ५३८ मुलाखती घेतल्या. दुसरा आधार होता काउंटीवार मतदानाच्या आकड्यांचा. (काउंटी हा ढोबळमानाने आपल्याकडील जिल्ह्यासारखा, परंतु बहुधा पुष्कळच लहान घटक असतो.) संगणकाच्या मदतीवाचून हे आकडे मांडून, नकाशांवर उतरवून व मुलाखतींशी ताडून प्रत्येक राज्याचे स्वतंत्र प्रकरण सिद्ध केले गेले.

त्या काळी दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाखेरीज दुसऱ्या पक्षाला फारसे स्थान नव्हते. खरी लढत त्या पक्षाच्या उमेदवाराची निवड करणाऱ्या प्राथमिक निवडणुकीतच होत असे. बाहेरून एकसंध दिसणारी ही एकपक्षीय व्यवस्था प्रत्येक राज्यात निराळी आहे, हे की यांनी दाखविले. व्हर्जिनियात सिनेटर हॅरी बर्ड यांची शिस्तबद्ध यंत्रणा होती. तेथे मतदानासाठी तीन वर्षांचा मतदान कर निवडणुकीच्या सहा महिने आधी भरावा लागे. साहजिकच मतदार थोडे आणि यंत्रणेचे काम सोपे. फ्लॉरिडात मात्र जो तो आपल्यापुरता उभा राही. लुइझियानात ह्यूई लाँग यांचे समर्थक व विरोधक असे दोन टिकाऊ तट होते.

जॉर्जियातील काउंटी एकक पद्धती हे यातील सर्वांत उघड उदाहरण म्हणता येईल. राज्यात १५९ काउंट्या होत्या. सर्वाधिक लोकसंख्येच्या ८ काउंट्यांना प्रत्येकी ६, त्यानंतरच्या ३० काउंट्यांना प्रत्येकी ४ व उरलेल्या १२१ काउंट्यांना प्रत्येकी २ एकक मते मिळत. काउंटीत आघाडीवर राहणाऱ्याकडे तिची सर्व एकके जात. परिणामी अटलांटा शहराचा बहुतांश भाग असलेल्या फुल्टन काउंटीची बरोबरी कोणत्याही तीन चिमुकल्या ग्रामीण काउंट्या करू शकत. शहरात हजारोंनी मते मिळवूनही उमेदवार पडू शके.

अलाबामाच्या आकड्यांवरून की यांनी 'मित्र आणि शेजारी' ही संकल्पना मांडली. गव्हर्नरपदाच्या उमेदवाराला आपल्या काउंटीत व तिच्या आसपास भरघोस मते पडत आणि अंतर वाढेल तशी ती घटत जात. आपला माणूस म्हणून मत देण्यात वावगे ते काय, असे कोणी विचारील. की यांचे उत्तर असे की, अशा राजकारणात कार्यक्रम मागे पडतो, गट निवडणुकीपुरते जमतात व विखुरतात, आणि दिलेल्या आश्वासनांचा जाब कोणाला विचारावा हेच मतदाराला उमगत नाही. ज्यांना शासनाने काहीच करू नये असे वाटते त्यांचे यात बिघडत नाही. ज्यांना शाळा, रस्ते, आरोग्यसेवा हवी असते ते दीर्घकाळात हरतात. ग्रंथातील सर्वांत टिकाऊ विचार हाच होय.

दुसरा मुख्य सिद्धान्त 'ब्लॅक बेल्ट' विषयी आहे. मूळ मातीच्या काळ्या रंगावरून पडलेले हे नाव पुढे कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती असलेल्या मळ्यांच्या प्रदेशाला रूढ झाले. तेथील श्वेतवर्णीय संख्येने थोडे होते, परंतु कृष्णवर्णीयांना सत्तेबाहेर ठेवण्यात त्यांचाच स्वार्थ सर्वाधिक होता, आणि त्यांनी साऱ्या दक्षिणेला आपल्या मागे ओढले, असे की यांचे प्रतिपादन आहे. पुरावा म्हणून त्यांनी १९२८ ची अध्यक्षीय निवडणूक घेतली. डेमोक्रॅटिक उमेदवार अल स्मिथ कॅथलिक व दारूबंदीचे विरोधक होते. दक्षिणेतील अनेक प्रोटेस्टंट श्वेतवर्णीय त्यामुळे हर्बर्ट हूव्हर यांच्याकडे वळले आणि टेक्सास, फ्लॉरिडा, व्हर्जिनिया यांसारखी राज्ये पक्षाच्या हातून गेली. ब्लॅक बेल्टमधील श्वेतवर्णीय मात्र पक्षाशी निष्ठावंत राहिले.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगावयास हव्यात. कृष्णवर्णीयांचे दमन हा त्याचा गाभा असूनही ते स्वतः त्यात कर्त्यांपेक्षा विषय म्हणून अधिक येतात. त्यांच्या संघटना व लढे यांना अल्प जागा मिळाली आहे.

पुढील लेखन

दक्षिणेबाहेरील राज्यांचा विचार त्यांनी 'अमेरिकन स्टेट पॉलिटिक्स' (१९५६) मध्ये केला. पक्षनेत्यांच्या हातून उमेदवारी काढून ती मतदारांकडे देणारी प्राथमिक निवडणूक ही लोकशाहीवादी सुधारणा मानली जाई. परंतु तिच्यामुळे महत्त्वाकांक्षी माणसे बलिष्ठ पक्षातच गर्दी करतात व दुर्बळ पक्ष आणखी वाळतो, असे की यांचे निरीक्षण होते. सुधारकांना ते रुचणारे नव्हते. त्याआधीच्या वर्षी 'निर्णायक निवडणुका' या विषयावरील लेखात त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील औद्योगिक समरव्हिल आणि ग्रामीण ॲशफील्ड यांचे मतदान शेजारी ठेवून, १९२८ मध्ये या दोन ठिकाणांच्या वाटा कशा फुटल्या ते दाखविले.

मृत्यूनंतर मिल्टन कमिंग्ज यांच्या साहाय्याने पूर्ण होऊन १९६६ मध्ये निघालेल्या 'द रिस्पॉन्सिबल इलेक्टोरेट' मध्ये, मतदार मूर्ख नसतो, समोर ठेवलेल्या पर्यायांतून तो बऱ्यापैकी समजून निवड करतो, असे मत त्यांनी मांडले आहे.

प्रभाव

पक्षीय स्पर्धा असेल तर गरिबांच्या हिताची धोरणे आखली जातात, या की यांच्या विचारातून मोठा वाद निघाला. डॉसन व रॉबिन्सन (१९६३) आणि थॉमस डाय (१९६६) यांनी राज्यांचा कल्याणखर्च स्पर्धेपेक्षा त्यांच्या आर्थिक स्थितीवर अधिक अवलंबून असतो, असे आकडेवारीने दाखविले. पुढील अभ्यासकांनी हा प्रश्न पुनःपुन्हा तपासला असून तो अद्याप पुरता मिटलेला नाही.

जॉर्जियाची काउंटी एकक पद्धती सर्वोच्च न्यायालयाने 'ग्रे विरुद्ध सँडर्स' खटल्यात मार्च १९६३ मध्ये रद्द ठरविली. त्याच वर्षी ऑक्टोबरात की यांचे निधन झाले. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क प्रत्यक्षात मिळवून देणारा कायदा १९६५ मध्ये आला. दक्षिणेच्या राजकारणावरील उत्कृष्ट ग्रंथासाठी सदर्न पोलिटिकल सायन्स असोसिएशन की यांच्या नावाने पुरस्कार देते.